आधी आमचा माणूस, मग तुम्ही

चाखोबांना अक्रोड चालत नसे, आणि त्याच अक्रोडावर त्यांचं घर चालत असे. हसू नका. जगात कुणी आवाजावर पोट भरतं, कुणी उंचीवर भरतं, चाखोबा आपल्या ॲलर्जीवर भरत होते. लहानपणी शेजारच्या घरी केकचा एक तुकडा तोंडात गेला आणि पोराचे ओठ फुगले, घसा आवळला, दवाखान्यात पोहोचेपर्यंत आईच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून हा मुलगा म्हणजे सगळ्या नातेवाइकांच्या जिवाला घोर. वाढदिवसाला बोलवायचं तर केकची चौकशी, लग्नाला बोलवायचं तर आचाऱ्याची चौकशी. शेवटी लोकांनी सरळ मार्ग काढला आणि बोलावणंच बंद केलं. पुढे मोज्यांच्या दुकानात नोकरी लागली, तिथेही दुपारी सगळे एकत्र जेवायचे आणि हे मागच्या खोलीत खोक्यांवर बसून एकटे घास गिळायचे.

मग मालकीणबाई भेटल्या. चौकातलं मोठं रेस्टॉरंट त्यांचं. तिथे एकदा एका पाहुण्याला मासळी बाधली होती आणि बाईंचं नाव गावभर झालं होतं. बाई खचणाऱ्यातल्या नव्हत्या. घराला राखणदार असतो, खेळाला पंच असतो, मग ताटाला कुणी नको का, असा त्यांनी विचार केला. ताट आधी आपल्या माणसाने चाखायचं आणि मग पाहुण्याला द्यायचं. पण साधा माणूस चाखून उपयोग काय, त्याला होणार काय, कपाळ? तेव्हा चाखणारा माणूस ॲलर्जीवालाच हवा. हे सुचलं त्या दिवशी बाईंनी स्वतःलाच फुलं आणली म्हणतात. आता एवढी अक्कल पाजळण्यापेक्षा स्वयंपाकघरातले चमचे नीट धुतले असते तर चाललं असतं, पण सरळ काम करण्यात मोठेपणा कुठे असतो?

तशी सुरुवातीला तीन माणसं ठेवली होती. दुधाच्या बाई पहिल्याच आठवड्यात निघून गेल्या आणि मासळीचे गृहस्थ स्ट्रेचरवरून गेले. उरले अक्रोडाचे चाखोबा. मग बाईंनी दूध आणि मासळीवाल्या पाहुण्यांना हात जोडले आणि आमची ख्याती अक्रोडाची, असं जाहीर करून टाकलं.

चाखोबांचा थाट काय विचारता! हॉलच्या मधोमध उंच खुर्ची, पांढरा कोट, छातीवर पितळी बिल्ला. अक्रोड न चालणारा पाहुणा आला की त्याचं ताट आधी चाखोबांपुढे यायचं. ते एक घास घ्यायचे, वेटर वाळूचं घड्याळ उलटं करायचा आणि सगळा हॉल श्वास रोखून त्यांच्या ओठांकडे बघत बसायचा. वाळू संपली आणि चाखोबा होते तसेच राहिले की घंटा वाजायची, टाळ्या पडायच्या आणि गार झालेलं ताट पाहुण्याकडे जायचं. गार का होईना, लोक आनंदाने खायचे. भिंतीवर काचेच्या पेटीत इंजेक्शनही होतं, चाखोबांच्या मांडीत मारायचं. वेटरने उशीवर त्याची तालीम केली होती. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी टेबलाशी बसवून घेतलं नाही, त्याच्याकडे आता भरल्या हॉलचे डोळे लागायचे. रस्त्यात लोक टोपी काढून नमस्कार करायचे. चाखोबांना हे सगळं फार फार आवडायचं, आणि का आवडू नये?

दैव देतं आणि कर्म नेतं. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी शेजारणीने केक पाठवला आणि नेमकी बायको घरात नव्हती. चौकशी करायचं कामही तीच करायची, त्यामुळे चाखोबांना ते सुचलंच नाही. त्यांनी आख्खा तुकडा फस्त केला. बायको आली, तिने उरलेल्या केकात बोट घातलं, चव घेतली आणि मट्कन खालीच बसली. म्हणाली, यात अक्रोड आहे. मग दोघं कोचावर एकमेकांचा हात धरून बसली आणि मरणाची वाट बघू लागली. दवाखाना तीन गल्ल्यांपलीकडे, पण दोघांचेही पाय उठेनात. बायकोने झालं गेलं माफ करून टाकलं. चाखोबांनीही माफ केलं, तिच्या आईलासुद्धा. मरण काही आलं नाही. शेवटी बायकोने उठून चहा टाकला, आणि चाखोबांनी हळूच विचारलं, केक उरलाय का गं?

डॉक्टरांनी दहा वेळा तपासून सांगितलं, जाते कधीकधी, नशीबवान आहात. नशीबवान! डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. ॲलर्जी गेली म्हणजे खुर्ची गेली, बिल्ला गेला, टोप्या गेल्या आणि पुन्हा मोजे आले. नवराबायकोने अळीमिळी गुपचिळी केली. कहर म्हणजे चाखोबांना अक्रोडाचं वेडच लागलं. सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसून ते अक्रोड फोडायचे, भाजून खायचे, कच्चे खायचे, मधात घालून खायचे. मग कोपरापर्यंत हात घासायचे, दात घासायचे, कपडे बदलायचे आणि कामावर जायचे.

पण माणूस मुळात सरळ, त्यामुळे मन खायला लागलं. वाळू पडत असायची, हॉल श्वास रोखून बसलेला असायचा आणि ह्यांच्या मनात एकच विचार, की मी इथे बसलोय आणि एखादं खेळण्यातलं अस्वल बसलंय, फरक काय? म्हणून ते कधी नव्हे ते स्वयंपाकघरात डोकावू लागले. चमचे स्वतः घासून घ्यायचे, बाटल्यांची बुचं उघडून हुंगायचे, आचाऱ्याला विचारायचे की ही सुरी आधी कशाला लावली होती. आधी दुधाने तोंड पोळलेलं, तेव्हाही ताक फुंकून प्यायले नव्हते. ते आता पिऊ लागले. त्या वर्षभरात ते रेस्टॉरंट खरोखरच सुरक्षित होतं, आणि ते फक्त चाखोबा धडधाकट होते म्हणून.

आचाऱ्याला मात्र हे झोंबलं. तो गुणी माणूस, हाताला चव होती, पण अक्रोडाच्या बाबतीत त्याने कधी डोकं शिणवलं नव्हतं. चाखोबा आहेत की, असं तो म्हणायचा. त्याने मालकीणबाईंकडे तक्रार केली आणि बाईंनी चाखोबांना बोलावून समज दिली. पंच आदल्या दिवशीच सामना बघून आला तर खेळात राहिलं काय, असं त्यांचं म्हणणं. चाखणाऱ्याने आधी बघायचं नाही. चाखोबांना स्वयंपाकघराची बंदी झाली.

त्याच आठवड्यात पाटीवाली आली.

पाटीवाली म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारी मुलगी. रेस्टॉरंटची नवी पाटी तिनेच रंगवली होती, लाल अक्षरांत, "आधी आमचा माणूस, मग तुम्ही". शिडीवर बसून रंगवताना तिने बोलता बोलता सांगितलं होतं की मलाही अक्रोड चालत नाही, मी जन्मात कधी बाहेर जेवले नाही. मालकीणबाईंना तर हे सोन्याहून पिवळं. त्यांनी तिला तिथल्या तिथे जेवायचं आमंत्रण दिलं, नव्या पाटीचा मुहूर्त म्हणून. पेपरवाल्याला बोलावलं, हॉल फुलांनी भरला. मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील कुलपं दुरुस्त करणारे, स्वतःच्या घराचं दार तीनदा ओढून बघणारे. मुलीने नवा निळा झगा घातला होता आणि बोटांवरचा रंग घासघासून काढला होता. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत घरचा डबा होता, कारण सवय कुठे जाते? ती टेबलावरच्या काट्याचमच्यांना नुसती हात लावून बघत होती. चाखोबा वरून तिच्याकडेच बघत होते.

सूप आलं, भोपळ्याचं, घट्ट, केशरी, वर सोनेरी थेंब. चाखोबांनी चमचा तोंडात घातला आणि जीभ जागच्या जागी थांबली. त्यांची सुट्टीच्या दिवसाची चव होती ती. भाजलेला अक्रोड! गळ्यापर्यंत, नाकापर्यंत, नक्की.

वेटरने वाळूचं घड्याळ उलटं केलं.

आता करायचं काय? बोलावं तर पोटावर पाय, आणि न बोलावं तर ती पोरगी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वाळू आपली सरसर पडतेय. चाखोबांना एक वाट दिसली. आपल्याला काही होत नसेल तर होतंय असं दाखवायचं! सूप आपोआप परत जाईल, मुलगी वाचेल आणि खुर्चीही राहील. उलट खुर्चीची किंमत वाढेल. एवढं चांगलं त्यांना आधीच सुचायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी गळा धरला. आक्, असा आवाज काढला. मग खुर्चीवरून खाली उतरले, कारण पडायला ती फार उंच होती, आणि खाली उतरून रीतसर पडले. पाय झाडले. मेलो, मेलो म्हणाले. ॲलर्जी आली तेव्हा ते एवढेसे होते, बाहेरून ती कशी दिसते हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. म्हणून नाटकातला राजा मरतो तसे ते मरत होते.

हॉलमध्ये धावपळ उडाली. वेटर इंजेक्शनकडे धावला तर पेटीला कुलूप आणि किल्ली सापडेना. मुलीचे वडील उठले, खिशातून हत्यारं काढली आणि कुणी न सांगता पेटीशी भिडले. तोवर पाटीवाली चाखोबांशेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिने त्यांना ओठ दाखवायला लावले, जीभ बघितली, बाही वर करून मनगटाची कातडी बघितली. मग तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आजोबा, काही नाही झालेलं तुम्हाला," ती म्हणाली. "घाबरलात फक्त. मलाही होतं असं. नुसत्या भीतीनेच घसा आवळतो."

चाखोबा पुटपुटले, अक्रोड, अक्रोड. ती म्हणाली, हो हो, मला कळतं, माझ्याइतकं कुणाला कळणार? खरं येतं तेव्हा माणसाला ओरडता येत नाही, असंही तिने समजावलं, अगदी प्रेमाने. मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला. आमचे चाखोबा मोठे विनोदी आहेत हो, असं त्यांनी पेपरवाल्याला मोठ्याने सांगितलं, आणि लोक हसले, टाळ्या पडल्या. वाळू संपली. वेटरने घंटा वाजवली. काचेची पेटी टक्कन उघडली, पण आता तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मुलगी टेबलाशी परत गेली. सूप तिच्यापुढे आलं. तिने चमचा भरला आणि जमिनीवर बसलेल्या चाखोबांकडे वळून हसली.

"हे बघा, मी खाते. तुम्हाला काही झालं नाही ना? मग मलाही नाही होणार. म्हणजे तुमची भीती जाईल."

त्यांची भीती जावी म्हणून! चाखोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्यावेळी मात्र नाटक नव्हतं.

"खाऊ नकोस," ते म्हणाले. "त्यात अक्रोड आहे. मला चव लागली."

चमचा तिच्या ओठांशी थांबला. तिने तो तसाच खाली ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली. आचारी स्वयंपाकघराच्या दारातून शपथा घ्यायला लागला की ह्या सुपात अक्रोडाचा कणही नाही, असेल तर माझे हात झडोत. मालकीणबाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या चाखोबांकडे बघत होत्या, आणि बाई हुशार, हे त्यांच्या शत्रूनेही नाकारलं नसतं.

"चाखोबा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला अक्रोडाची चव कशी काय माहीत?"

पेपरवाल्याचं पेन वहीवर थांबलं. चाखोबांनी कोटावरची धूळ झटकली, उठायला गेले, पुन्हा खालीच बसले.

"आवडतो मला," ते म्हणाले.

मग जे व्हायचं ते झालं. आचाऱ्याला आता कळेना की आपण खरे ठरलो की खोटे. तो म्हणाला, अक्रोड घातलाच नाही, थोडं अक्रोडाचं तेल सोडलं, खास पाहुणी आहे म्हणून, चांगलं महागाचं; तेलात अक्रोड कुठे असतो, गाळलेलं असतं ते. आणि काही असतंच तर चाखोबा बसलेत की वर! मुलीच्या वडिलांनी सुपाची वाटी उचलली, स्वयंपाकघरात नेली, मोरीत ओतली आणि परत येऊन आचाऱ्यापुढे नुसते उभे राहिले. त्यांच्या हातात अजून ती बारीक हत्यारं होती. आचारी भिंतीला टेकला. एवढा शांत राग त्या हॉलने कधी बघितला नव्हता.

मालकीणबाईंचा राग मात्र तेलावर नव्हताच. वर्षभर हा माणूस आपल्याकडे ठणठणीत होता, हे त्यांना सहन होईना. आम्ही विश्वासाने जेवू घातलं आणि तुम्ही आतून बरे झालात, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. वेटरलाही भरून आलं, त्याने तर उशी फाटेपर्यंत तालीम केली होती. चाखोबांनी माफी मागितली. बरं झाल्याबद्दल मागितली, लपवल्याबद्दल मागितली, दोन्ही एकातच. मग पितळी बिल्ला काढून वेटरच्या हातात दिला, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बनियनवर बाहेर पडले. आत पेपरवाला आधीच बाईंना विचारत होता, आता नवा माणूस कधी नेमणार?

बाहेर रस्ता ओला होता, सफाईवाल्यांनी नुकताच धुतलेला. चाखोबा पायरीवर बसले. मोज्यांच्या दुकानात जागा असेल का, बायकोला काय सांगायचं, आता रस्त्यातून जाताना कुणीकडे बघायचं, असं सगळं डोक्यात फिरत होतं आणि त्यातलं एकही धड सुचत नव्हतं. खरं बोलून बरं वाटतं म्हणतात. त्यांना अजिबात बरं वाटत नव्हतं. उघड्या दंडांना थंडी वाजत होती आणि रडू येत होतं.

पाटीवाली बाहेर आली. वडील आत आचाऱ्याला बाटल्या एकेक करून उघडायला लावत होते, त्यांना वेळ लागणार होता. ती पायरीवर शेजारी बसली, पिशवीतून डबा काढला आणि झाकणात अर्धा भात घालून त्यांच्यापुढे केला. घरचा, साधा, गार. चाखोबांनी घास घेतला. कुणी त्यांच्या ओठांकडे बघत नव्हतं. वाळू नव्हती, घंटा नव्हती, आणि शेजारी एक माणूस त्याच डब्यातलं तेच खात होतं. चाखोबांना आठवेना की असं शेवटचं कधी झालं होतं, आणि मग लक्षात आलं की बायको सोडली तर असं कधी झालंच नव्हतं.

डब्यातला भात संपत आला. मग ती डब्याच्या कडेला लागलेलं एक शीत बोटाने काढत म्हणाली, एक विचारू का? घरी कुणाला विचारलं की सगळे उगाच म्हणतात, काही नाही गं, लाकडासारखा लागतो. आणि ज्यांना चालत नाही त्यांना माहीतच नसतं.

"कसा लागतो हो अक्रोड?"

चाखोबा म्हणणार होते की लाकडासारखाच लागतो. शब्द अगदी जिभेवर आले होते. वर्षभर खोटं पचवलेला माणूस, त्याला आणखी एक काय जड? आणि हे तर पुण्याचं खोटं होतं, एका पोरीचं मन राखणारं. पण ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू जगात हे सांगू शकणारा तेवढा एकच माणूस तिला भेटला होता.

"फार छान लागतो, बाळ," ते म्हणाले, आणि आता मात्र त्यांना रडू आवरेना. "आधी जरासा कडू. मग गोड. आणि भाजला ना, की घरभर वास राहतो."

ती ऐकत होती. डबा तिच्या मांडीवर तसाच राहिला होता.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली.